चौथ्या हौदाची वाळू

१

बरणी उपडी केली आणि पांढऱ्या कागदावर वाळूचा ढीग पडला. कोरडी, एकसारख्या दाण्याची, पिवळसर वाळू. काळा कण नाही, चिखलाची गुठळी नाही, वास तर मुळीच नाही.

"हीच का तुमची सडलेली वाळू?" मुख्य अधिकाऱ्यांनी विचारलं.

टेबलापलीकडे काका उभे होते. खिशातून भिंग काढून ते वाळूवर वाकले. मग चिमूटभर वाळू तळहातावर घेऊन त्यांनी ती उजेडात फिरवून फिरवून पाहिली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

गावात त्यांना सगळे चष्मेवाले काका म्हणत. जन्मभर त्यांनी चष्म्याचं दुकान चालवलं. ज्या वर्षी खालच्या वस्तीत घराघरात कावीळ शिरली, त्या वर्षी त्यांची बायको गेली. त्यानंतर त्यांनी दुकान बंद केलं आणि माहितीच्या कायद्याखाली अर्ज करायला सुरुवात केली. गावाला पाणी पुरवणाऱ्या फिल्टर हाऊसमध्ये पाणी गाळायच्या वाळूचे चार हौद होते. चारही हौदांतली वाळू नवी भरल्याचं बिल ठेकेदाराला मिळालेलं होतं. काकांनी फाटकावरची नोंद मागवली, तर वाळूचे ट्रक आले होते जेमतेम एका हौदापुरते. मग त्यांनी कायद्यातलं एक फारसं कुणाला ठाऊक नसलेलं कलम शोधून काढलं. नागरिकाला नुसते कागदच नव्हे, सरकारी कामातल्या मालाचा नमुनाही मागता येतो. काकांनी चौथ्या हौदातल्या वाळूचा नमुना मागितला. तो सर्वांसमक्ष बरणीत भरला, झाकणावर लाख ओतली, लाखेवर सह्यांची पट्टी चिकटवली. आज सुनावणीत ती लाख फोडायच्या आधी प्रत्येकाने हात लावून तपासली होती. शाबूत होती.

"काका," पाणी खात्याचे मोठे इंजिनिअर मऊ आवाजात म्हणाले, "आता एकदा स्वतःच्या चष्म्याचा नंबर तपासून घ्या."

सगळे हसले. काका हसणं थांबेपर्यंत थांबले.

"मला एकच विचारायचंय. ही बरणी इतके दिवस कुणाच्या ताब्यात होती?"

खोलीतल्या सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. कोपऱ्यातल्या खुर्चीवर कार्यालयाच्या माहिती अधिकारी बसल्या होत्या. केस पिकलेले, इस्त्रीची साडी, मांडीवर पर्स. तोंडावर त्यांना सगळे मॅडम म्हणत, पाठीमागे माहितीबाई.

"माझ्या कपाटात होती," बाई म्हणाल्या.

"आणि किल्ली?"

बाईंनी नकळत पर्स घट्ट धरली. "माझ्याकडेच."

"मग आठवड्याच्या आत लेखी खुलासा द्या," मुख्य अधिकारी म्हणाले आणि उठले.

२

बाईंची खोली जिन्याखाली होती. माहितीचा कायदा आला तेव्हा कुणीच ते काम घ्यायला तयार नव्हतं, म्हणून ते बाईंच्या गळ्यात पडलं. त्यांना मूल ना बाळ, घरी फक्त आई. वेळ असतो त्यांना, असं तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं. तेव्हापासून हळूहळू माणसं तुटत गेली. बाई चहाच्या टपरीपाशी आल्या की बोलणं थांबायचं. कुणी वाढदिवसाला बोलवेनासं झालं. न जाणो, आज हसून बोलतील आणि उद्या फाइल मागतील. गेल्या वर्षी आईही गेली. घरी आता रेडिओ होता, तो बाई निजेपर्यंत चालू ठेवत.

जिन्याखाली येऊन जेवणारं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे रोखपाल असलेल्या कॅशबाई. दोघी एकाच वर्षी नोकरीला लागल्या होत्या.

"जेव गं," कॅशबाईंनी डबा पुढे सरकवला. "तोंड बघ कसं झालंय."

"मी बरणी उघडली असं वाटतंय त्यांना."

"कुणाला काय वाटतं त्यावर आपलं पोट चालतं का? म्हातारा हट्टी आहे. हौद उकरून हत्ती निघेल असं वाटलं होतं त्याला, निघाली वाळू. चार ओळींचा खुलासा लिही आणि मोकळी हो." मग त्या मुलीचं सांगू लागल्या. मुलीला दिवस गेले होते. जावई कामात इतका बुडालेला की डॉक्टरकडेही सासूनेच न्यायचं. "साईटवरचा इंजिनिअर म्हणजे लष्करच्या भाकऱ्या. काम दुसऱ्याचं, बोलणी ह्याला."

बाई ऐकत होत्या.

जेवण झाल्यावर त्यांनी शिपायाला आत बोलावलं. कपाटाच्या दोन किल्ल्या होत्या. दुसरी हरवल्याचं शिपाई पूर्वीपासून सांगत आला होता.

"खरं सांग. दुसरी किल्ली कुठाय?"

शिपायाने आधी छताकडे पाहिलं, मग जमिनीकडे. मग खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"कपाट उघडायचास तू?"

"रोज, मॅडम."

"कशासाठी?"

"बूट." शिपायाच्या डोळ्यांत पाणी आलं. "पोराने पहिल्या पगारातून घेतलेत. बाहेर ठेवले तर कुणीतरी पळवेल म्हणून तुमच्या कपाटात, खालच्या खणात. सकाळी ठेवतो, संध्याकाळी घालून जातो. बरणीला मी बोट लावलं असेल तर बोट झडो."

बाईंनी खालचा खण ओढला. वर्तमानपत्रात गुंडाळलेले बूट होते. म्हणजे किल्ली आणखी एका माणसाकडे होती, पण त्या माणसावर संशय घ्यावा असं काही हाती लागलं नव्हतं. उलट शिपायाने ती किल्ली दुसऱ्या कुणाला दिली असती तर त्याचे बूटच आधी उघडे पडले असते.

३

मोठ्या इंजिनिअर साहेबांनी बाईंना बसायला सांगितलं, पाणी मागवलं.

"मॅडम, तुमची अडचण मला कळते. पण बघा ना. बरणी कुणी उघडली असं ठरलं, तर ती तुमच्या ताब्यात होती. नाही उघडली असं ठरलं, तर वाळू उत्तम आहे. मला दोन्ही चालतं." ते हसले. "तुम्हाला कुठलं चालतंय ते ठरवून खुलासा लिहा."

बाई पाणी न पिता उठल्या. दारापाशी पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की साहेब अजिबात घाबरलेले नव्हते. ज्याने बरणी उघडवून घेतली असेल तो माणूस बरणीबद्दल इतकं निवांत बोलेल का?

संध्याकाळी त्या काकांच्या घरी गेल्या. बंद दुकानाच्या मागच्या दोन खोल्या. भिंतीवर अक्षरांचा तक्ता अजून टांगलेला, वर मोठी अक्षरं, खाली मुंगीएवढी. काकांनी दार उघडलं, पण बाजूला झाले नाहीत.

"काका, मी बरणी उघडली नाही."

"ठाऊक आहे."

बाई चमकल्या. "मग सगळ्यांसमोर ते का विचारलंत?"

"तेव्हा विचारलं. बरणी आणि लाखेचे तुकडे नंतर भिंगाखाली नीट पाहिले." काकांनी आता त्यांना आत घेतलं. "बसा. माझ्याकडे काचेवर ओरखडा काढायची हिऱ्याची पेन्सिल आहे. भिंगांवर खूण करायला वापरायचो. बरणी न्यायच्या आधी तिच्या तळाला मी बारीक खूण केली होती. कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हालाही नाही."

"आणि?"

"खूण आहे. बरणी माझीच. लाखेवरच्या पट्टीवर माझी सही तिरकी पडली होती, ती तशीच आहे. लाखेत माझ्या अंगठ्याचा ठसा दाबला होता, तोही आहे. लाख वितळवली असती तर तो मोडला असता. बरणी कुणीही उघडलेली नाही, बाई. मी उगाच तुम्हाला चारचौघांत खाली पाहायला लावलं."

कितीतरी दिवसांत कुणी बाईंची माफी मागितली नव्हती.

"म्हणजे वाळू खरंच चांगली होती," बाई म्हणाल्या.

"म्हणजे मी वेडा आहे." काकांनी खांदे पाडले. "पोरगा फोनवर तेच म्हणतो. बाबा, आई काही परत येत नाही, हे सोडा, इकडे या. जातो आता. तिथे नातवंडं आहेत, एक खोली मोकळी आहे म्हणतो."

"चौथाच हौद का मागितलात तुम्ही?"

"साधं आहे. दुकानात मी मांडणी कशी करायचो? चांगल्या फ्रेमा दारापाशी, जुना माल आत. पाहुणे आले की साहेब लोक पहिला हौद दाखवून परत फिरवत असणार. मग वाळू एकाच हौदापुरती असेल तर ती कुठे टाकतील? दारापाशी. म्हणून मी दारापासून सगळ्यात लांबचा मागितला. एवढी पायपीट करून गेलो..."

काका बोलता बोलता थांबले.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"पायपीट झालीच नाही," काका हळूच म्हणाले.

४

दोघांनी तो दिवस पुन्हा पहिल्यापासून आठवायला घेतला.

काकांचे गुडघे दुखतात म्हणून बाई त्यांना रिक्षाने घेऊन गेल्या होत्या. फिल्टर हाऊस दोघांनीही त्याआधी पाहिलेलं नव्हतं. मोठ्या फाटकापाशी साहेब वाट बघत होते. तिथेच बाईंनी पर्समधलं बंद पाकीट काढून नमुन्याचा आदेश साहेबांच्या हातात दिला. कुठल्या हौदातला नमुना, हे त्या आदेशातच पहिल्यांदा लिहिलेलं होतं. साहेबांनी तो वाचला आणि म्हणाले, "चौथा? या, इकडे." आत शिरताच हौद होता. पांढऱ्या भिंतीवर निळ्या रंगात ठळक ४. पुढे ओळीने ३, २, १.

"बरं झालं, जवळच आहे, असं म्हणालो होतो मी," काका म्हणाले. "वाटलं, आकडे पलीकडच्या टोकापासून सुरू होत असतील. असतातही तसे."

"तुम्ही खोकत होतात सारखे."

"डोळे चुरचुरत होते. क्लोरिनचा वास होता नुसता. तुम्हीही पदर नाकाला लावला होतात." काका उठले, आतल्या खोलीतून एक सदरा घेऊन आले. "आणि हे बघा. त्या दिवशी भिंतीला टेकलो होतो. धुऊनही जात नाही."

कोपरापाशी निळा डाग होता.

बाई डागाकडे बघत राहिल्या. त्यांच्या कार्यालयात जिन्याची भिंत पोपडे धरून पडायला आली तरी रंगाची मंजुरी मिळत नव्हती. आणि तिथे हौदाच्या भिंतीवरचा आकडा ओला होता.

"काका, आपण बरणीमागे लागलो. ती उघडायची गरजच नव्हती कुणाला." बाईंचं बोलणं आता सावकाश, एकेक पायरी उतरावी तसं येत होतं. "बरणीतली वाळू आपण काढली तीच आहे. आपण काढली ती चांगली होती. आणि नवी वाळू आहे ती एकाच हौदात. तर मग आपण उकरला तो हौद..."

"पहिला," काका म्हणाले. त्यांनी सदरा छातीशी धरला. "हलकटांनी हौदांचे आकडेच फिरवले."

त्यांचा चेहरा एकदम तरुण दिसायला लागला. पण बाईंच्या अंगावर काटा आला होता, आणि तो आनंदाचा नव्हता.

उलटे आकडे घालायचे तर कुठला हौद मागितलाय ते आधी कळायला हवं. काकांनी दुसरा मागितला असता तर रंगाऱ्याला वेगळी युक्ती करावी लागली असती. फाटकापाशी आकडा कळून उपयोग नव्हता. भिंती आधीच रंगवून तयार होत्या. आदेश बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिला होता, टाइपही करायला दिला नव्हता. तो पर्समधून बाहेर निघाला नव्हता. काकांनी आकडा फक्त बाईंना सांगितला होता.

"काका, तुम्ही कुणाला बोलला होतात?"

"मी?" काकांनी रिकाम्या खोल्यांवरून हात फिरवला. "कुणाशी बोलणार?"

५

दुसऱ्या दिवशी बाईंनी रजा टाकली आणि फिल्टर हाऊसवर गेल्या. या खेपेला साहेब नव्हते. पंप चालवणारे म्हातारे ऑपरेटर बाकावर बसून विडी ओढत होते, बाईंना पाहून त्यांनी ती विझवली.

बाई आत गेल्या. फाटकाजवळच्या भिंतीवर होता १. पुढे २, ३, आणि अगदी पलीकडे, झाडांच्या सावलीत, ४. पहिल्या हौदाला लागूनच क्लोरिनची खोली होती. तिथे उभं राहताच डोळे चुरचुरले. चौथ्यापाशी चालत गेल्या, तर वास होता तो शेवाळाचा आणि आणखी कशाचा तरी, बंद घरात राहून गेलेल्या ओल्या फडक्यासारखा.

"नमुना घेतला त्या दिवशी तुम्ही नव्हतात?" त्यांनी ऑपरेटरना विचारलं.

"सुट्टीवर होतो."

"मागितली होतीत?"

ऑपरेटर हसले. "बाई, लेकीच्या लग्नाला मागितली तर अर्ध्या दिवसाची मिळाली होती. या वेळी साहेब आपणहून म्हणाले, दमलात, जरा घरी बसा. माझी बायको म्हणाली, नक्की काढून टाकतायत तुम्हाला."

"परत आल्यावर काही वेगळं दिसलं?"

"भिंती. चुना नवा, आकडे नवे. म्हटलं, सरकारला सुबुद्धी झाली."

"आणि कुणाला काही बोलला नाहीत?"

"कुणी विचारलंच नाही." त्यांनी विझलेली विडी कानामागे खोचली. "आताही मी काही बोललेलो नाही. मी पंप बघायला चाललोय. पंप बघायला मला वेळ लागतो."

ते गेल्यावर बाई पहिल्या हौदाच्या भिंतीपाशी गुडघ्यांवर बसल्या. पर्समधून त्यांनी कपाटाची किल्ली काढली आणि तिच्या टोकाने आकड्याशेजारचा चुना खरवडायला घेतला. चुना कच्चा होता, पापुद्र्याने सुटत होता. त्याच्याखाली निळी रेघ लागली. बाई खरवडत गेल्या. रेघ वळली, दुसऱ्या रेघेला छेदून खाली गोल फिरली. १ च्या खालून ४ वर आला. आणखी खरवडलं, तर त्या ४ च्याही खाली, जुन्या, विटलेल्या काळ्या रंगात, मूळचा १.

त्यांनी मोबाइलवर फोटो काढले.

ऑपरेटर परत आले, त्यांनी भिंतीकडे पाहिलं नाही.

"तुमच्या जागी कोण होतं त्या दिवसांत?" बाईंनी विचारलं.

"ठेकेदाराकडचा तरुण इंजिनिअर. गुणी पोरगा आहे. मी निघत होतो तेव्हा रंगाचे डबे उतरवून घेत होता." ते क्षणभर थांबले. "तुम्ही ओळखत असाल की त्याला. तुमच्या ऑफिसातल्या कॅशबाईंचा जावई."

६

खिडकीवरची गर्दी ओसरेपर्यंत बाई थांबल्या. मग कॅशबाईंच्या जाळीच्या पिंजऱ्यात शिरल्या. इतक्या वर्षांत त्या तिथे कधी गेल्या नव्हत्या, नेहमी कॅशबाईच जिन्याखाली यायच्या.

"अगं, तू इकडे कशी?"

"तुझा जावई कुठल्या ठेकेदाराकडे आहे?"

कॅशबाई नोटांना रबर लावत होत्या. रबर बोटातच राहिलं.

"तू कधी बोलली नाहीस. मी कधी विचारलं नाही," बाई म्हणाल्या. "मी रात्रभर आठवत होते, आकडा कुणाला सांगितला. आपण जेवत होतो. तू म्हणालीस, म्हातारा चारही हौद उकरणार की काय? आणि मी म्हणाले, छे गं, फक्त चौथा. मी हसले होते सांगताना."

बाहेर कुणीतरी जाळीवर टकटक केलं. कॅशबाईंनी न बघता खिडकी लावून घेतली.

"मी काय केलं?" त्यांचा आवाज फुटला. "सांग ना. मी पैसे खाल्ले? मी सही केली? मी एक आकडा सांगितला. घरी जेवताना जावई म्हणाला, सासूबाई, माझी मान अडकलीय. बिलावर सही माझी आहे. चौकशी झाली तर साहेब सुटतील, ठेकेदार सुटेल, आत मी जाईन. मुलगी समोर बसली होती. पोट धरून. तू काय केलं असतंस?"

"माहीत नाही," बाई खरं तेच बोलल्या.

"तुला कसं माहीत असेल? तुझ्यामागे कोण आहे!"

बोलून गेल्यावर कॅशबाईंनी तोंडावर हात घेतला. बाईंनी ते शब्द अंगावरून जाऊ दिले.

"तू माझ्यासाठी यायचीस जेवायला," बाईंनी विचारलं, "की...?"

"तुझ्यासाठीच यायचे गं. देवाशपथ. तो आकडा सोडला तर बाकी सगळं तुझ्यासाठी."

बाईंनी त्यावर विश्वास ठेवला. विश्वास ठेवल्याने काही सोपं झालं नाही.

"लिहिणारेस तू?"

"हो."

"मग हेही लिहावं लागेल की आकडा आधी तू फोडलास. गुप्त आदेश. पेन्शनला वर्षं किती राहिलीत तुला? तुझी चूक झाकायची तर माझीही झाकली जाते. दोघी वाचतो. विचार कर."

"काकांची बायको कावीळ होऊन गेली," बाई म्हणाल्या. "खालच्या वस्तीत अजून तेच पाणी जातंय."

"मला ठाऊक आहे. मी घरी पाणी उकळून घेते." कॅशबाई एकदम थांबल्या. आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं असावं.

बाई उठल्या. दार ओढून घेताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित लिहिणं झालं नसतं.

७

खुलासा त्यांनी चार ओळींत लिहिला नाही. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं, की आदेशातला आकडा माझ्या तोंडून बाहेर गेला. मग कुणाकडे, तिथून कुणाकडे, आणि भिंतीवर काय झालं. फोटो जोडले. एक प्रत मुख्य अधिकाऱ्यांना दिली, एक थेट वरच्या माहिती आयोगाकडे धाडली, म्हणजे इथली प्रत कुठे अडकली तरी चालेल.

आयोगाची माणसं न सांगता आली. त्यांनी काकांना खुर्ची दिली आणि खऱ्या चौथ्या हौदापाशी बसवलं. फावडं वाळूत गेलं तेव्हा आवाज चिखलाचा आला. वर आली ती काळी, बुळबुळीत, गोळ्या गोळ्यांची वाळू. तिच्या वासाने आयोगाच्या माणसाने रुमाल काढला. काका मात्र जवळ वाकून बघत होते. हाताने त्यांनी एक गोळा उचलला, दोन बोटांत फोडला आणि त्यांचे डोळे भरून आले. कुणी हसलं नाही.

मोठे साहेब निलंबित झाले, ठेकेदाराला अटक झाली. जावयालाही. कॅशबाईंना घरी बसवलं. बाईंना लेखी ताकीद मिळाली आणि वेतनवाढ थांबली. हौद रिकामे करून वाळू भरेपर्यंत खालच्या वस्तीला टँकरने पाणी गेलं.

काका मुलाकडे गेले नाहीत. शाळांच्या पाण्याबद्दल त्यांनी नवा अर्ज टाकला. तो द्यायला आले तेव्हा जिन्याखालच्या खोलीत बराच वेळ बसले. "बाई, तुम्ही एवढं कशाला केलंत?" असं दोनदा विचारलं, आणि उत्तर न घेताच गेले.

मग एके दुपारी दारात कॅशबाईंची मुलगी उभी राहिली. दिवस भरत आले होते, जिना चढून नव्हे तर नुसतं आवारातून चालून तिला धाप लागली होती.

"मावशी, येऊ?"

बाई धडपडत उठल्या, खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला. ही मुलगी शाळा सुटल्यावर याच खोलीत फाइलींच्या गठ्ठ्यावर बसून पाढे म्हणायची. बाईंनी तिला घड्याळ वाचायला शिकवलं होतं.

"आई कशी आहे?"

"बोलत नाही कुणाशी." मुलीने पिशवीतून एक अर्ज काढला. "मावशी, तुमच्याशिवाय कुणाकडे जाऊ? सगळे म्हणतात, ऑफिसातल्याच कुणीतरी लेखी दिलं. ह्यांच्याविरुद्ध आणि आईविरुद्ध. आईला ठाऊक आहे, पण ती नाव सांगत नाही. म्हणते, जाऊ दे. कसं जाऊ देऊ? बाळ जन्मेल तेव्हा त्याचा बाप तुरुंगात असेल. मला फक्त नाव हवंय. तुम्ही द्याल ना लवकर?"

बाईंनी अर्ज वाचला. अक्षर वळणदार होतं, कायद्याचं कलमही बरोबर टाकलं होतं.

त्याच कायद्यात दुसरंही एक कलम होतं. तक्रार करणाऱ्याच्या जिवाला धोका असेल तर नाव नाकारता येतं. वर मुख्य अधिकाऱ्यांनीही परवाच सांगून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर नाव देऊ नका, मॅडम, तुमच्याच भल्यासाठी. आणि काही नाही तरी उत्तराला मुदत होती. तोवर बाळंतपण होऊन गेलं असतं.

"बस थोडी," बाई म्हणाल्या.

त्यांनी कोरा कागद घेतला. वर अर्जाचा विषय लिहिला, खाली उत्तर लिहिलं, एकच ओळ. त्याखाली सही केली, शिक्का मारला आणि कागद टेबलावरून पुढे सरकवला.

मुलीने तो वाचला. मग सहीकडे पाहिलं, पुन्हा वर उत्तराकडे पाहिलं. दोन्हीकडे एकच नाव होतं.

पंख्याखाली कागद फडफडत होता. तिने तो हाताने दाबून धरला. तिच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून बाई तयार होऊन बसल्या होत्या. राग आला नाही. रस्ता चुकलेलं मूल अनोळखी माणसाकडे बघतं तशी ती बाईंकडे बघत राहिली.

"पोच लागते," बाई कशाबशा म्हणाल्या. "इथे सही."

मुलीने सही केली. पेन टेबलावर ठेवलं, टेबलाचा आधार घेऊन उठली. बाई हात द्यायला पुढे झाल्या, पण तोवर ती स्वतःच उभी राहिली होती.

"जाते मी, मॅडम," ती म्हणाली.